फिरता ट्रक मेकॅनिक

फिरता ट्रक मेकॅनिक म्हणजे ट्रक, ट्रेलर, टँकर, टिपर, बस इत्यादी व्यावसायिक वाहनांची तपासणी, देखभाल व दुरुस्ती वाहन उभे असेल त्या ठिकाणी जाऊन करणारा कारागीर होय. वाहन गॅरेजमध्ये आणण्याऐवजी हत्यारे, सुटे भाग आणि कारागीर वाहनापर्यंत नेणे, हे या व्यवसायाचे मुख्य वैशिष्ट्य आहे. वाहतूकदारांचे वाहनतळ, मालधक्के, बंदरे, कारखान्यांची आवारे, बांधकामांच्या जागा आणि महामार्ग ही त्याची कार्यस्थळे होत. बंद पडलेले वाहन रस्त्यालगत दुरुस्त करून पुढे पाठवावे की ओढून कार्यशाळेत न्यावे, हा निर्णय बहुधा याच कारागिराला अपुऱ्या साधनांनिशी आणि वेळेच्या दडपणाखाली घ्यावा लागतो. वाहनचालकाची व रस्त्यावरील इतरांची सुरक्षितता त्यावर अवलंबून असल्याने हा निर्णय या व्यवसायातील सर्वांत जबाबदारीचा भाग मानला जातो.

नावे व व्याप्ती

महाराष्ट्रातील वाहतूक व्यवसायात अशा कारागिरास मेकॅनिक, मिस्त्री किंवा उस्ताद असे म्हटले जाते. वाहन वाटेत नादुरुस्त होण्यास ‘ब्रेकडाऊन’, तर नादुरुस्त वाहन दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्यास ‘टोचन’ हे शब्द रूढ आहेत. फिरत्या मेकॅनिकांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात : वाहन उत्पादक किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्यांच्या सेवेत असलेले, मोठ्या वाहतूक कंपनीच्या पगारावर असलेले, आणि स्वतंत्रपणे काम करणारे. महामार्गालगतच्या ढाब्यांजवळ, पेट्रोल पंपांजवळ किंवा ट्रक टर्मिनलांच्या परिसरात लहान गॅरेज चालवणारे आणि दूरध्वनी येताच वाहनापर्यंत जाणारे कारागीर तिसऱ्या वर्गात मोडतात. टायर, बॅटरी व वायरिंग, डिझेल पंप, पाटे आणि वेल्डिंग या कामांचे कारागीर बहुधा वेगवेगळे असतात. फिरत्या मेकॅनिकाला मात्र या सर्वांची जुजबी माहिती असावी लागते.

पार्श्वभूमी

भारतात अवजड वाहनांच्या निर्मितीला स्वातंत्र्योत्तर काळात गती मिळाली. टाटा समूहाच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू केली. १९४८ साली स्थापन झालेली अशोक मोटर्स ही कंपनी १९५५ साली अशोक लेलँड झाली. डिझेल इंजिनाचे पंप व नोझल बनवणारी मायको ही कंपनी १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झाली. २००८ पासून ती बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. पुढील अनेक दशके देशातील बहुतेक ट्रक मोजक्या उत्पादकांचे आणि एकमेकांशी मिळत्याजुळत्या रचनेचे होते. त्यामुळे एका प्रकारच्या इंजिनावर हात बसलेला कारागीर देशाच्या कोणत्याही रस्त्यावर उपयोगी पडत असे, आणि सुटे भागही लहान गावांतून मिळत.

प्रवासी वाहतुकीत ही व्यवस्था संघटित रूपात विकसित झाली. एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने आगार कार्यशाळा, विभागीय कार्यशाळा आणि दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व हिंगणा (नागपूर) येथील मध्यवर्ती कार्यशाळा अशी रचना उभी केली. मार्गात बंद पडलेल्या बसकडे जवळच्या आगारातून कारागीर पाठवण्याची पद्धत या रचनेचाच भाग आहे.

द्रुतगती मार्गांमुळे या कामाचे स्वरूप बदलले. सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जुन्या महामार्गांवर गावे, ढाबे व गॅरेज रस्त्याला लागूनच असत. प्रवेश नियंत्रित मार्गावर ठरावीक ठिकाणांखेरीज आत-बाहेर जाता येत नाही. त्यामुळे मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असला तरी वाहनापर्यंत पोहोचण्यास त्याला बराच वळसा पडू शकतो.

कामाचे स्वरूप

फिरत्या मेकॅनिकाचे काम नियोजित देखभाल आणि आकस्मिक दुरुस्ती अशा दोन भागांत विभागता येते.

नियोजित देखभालीत इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे, ग्रीसिंग, ब्रेक लायनरची जाडी तपासणे, चाकांचे नट आवळणे, हवेच्या टाकीत साचलेले पाणी काढणे, दिवे, वायरिंग व टायर पाहणे या कामांचा समावेश होतो. ही कामे वाहने रिकामी उभी असण्याच्या वेळात, म्हणजे अनेकदा रात्री किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, वाहनतळावरच उरकली जातात. परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याची मुदत आठ वर्षांपर्यंतच्या वाहनासाठी दोन वर्षे आणि त्याहून जुन्या वाहनासाठी एक वर्ष असल्यामुळे, तपासणीपूर्वी वाहन सज्ज करण्याचे कामही या कारागिरांकडे येते.

आकस्मिक दुरुस्तीत चालकाचा किंवा मालकाचा दूरध्वनी आल्यापासून काम सुरू होते. वाहनाचे मॉडेल, त्यातील माल, ते भरलेले आहे की रिकामे, चढावर आहे की उतारावर, बिघाडापूर्वी कोणता आवाज किंवा वास आला, कोणता दिवा लागला आणि हवेच्या दाबाचा काटा कोठे आहे, असे प्रश्न अनुभवी मेकॅनिक निघण्यापूर्वीच विचारतो. योग्य सुटा भाग सोबत नेला नाही तर एका फेरीचे काम दोन फेऱ्यांवर जाते; म्हणून ही चौकशी दुरुस्तीइतकीच महत्त्वाची असते.

कामाचा भार हंगामानुसार बदलतो. ऊस गाळपाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यात ऊसवाहतुकीच्या ट्रक आणि ट्रॅक्टरांची दुरुस्ती शेताच्या बांधावर किंवा कारखान्याच्या आवारात करावी लागते. नाशिक परिसरातून जवाहरलाल नेहरू बंदराकडे निर्यातीची द्राक्षे नेणाऱ्या शीतकंटेनरच्या बाबतीत ट्रकबरोबरच शीतयंत्रणेला वीज पुरवणारे जनित्रही चालू राहावे लागते. दूध, भाजीपाला, द्राक्षे यांसारख्या नाशवंत मालाच्या वाहनाला झालेला उशीर थेट मालाच्या नुकसानीत बदलतो. बंदराकडे निघालेला कंटेनर ठरल्या वेळी न पोहोचल्यास जहाज चुकण्याचा धोका असतो.

वाहन व साधने

फिरता मेकॅनिक दुचाकी, पिकअप किंवा बंदिस्त व्हॅन वापरतो. दुचाकीवरून जाणाऱ्याजवळ पान्यांचा संच, पक्कड, हातोडा, टेस्टर आणि मोजके भाग असतात. पिकअप किंवा व्हॅनमध्ये हायड्रॉलिक जॅक, लोखंडी घोड्या, हवेचा काँप्रेसर, चाकांच्या नटांसाठी इम्पॅक्ट गन, टॉर्क पाना, ग्रीस गन, वेल्डिंग मशीन, जनित्र आणि रात्रीच्या कामासाठी दिवे ठेवता येतात. बहुतेक अवजड वाहनांची विद्युत प्रणाली २४ व्होल्टची असते व तीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. त्यामुळे मोटारगाडीच्या बॅटरीची तार जोडून ट्रक सुरू करता येत नाही. फॅन बेल्ट, होज पाइप, डिझेल फिल्टर, हवेच्या नळ्या व त्यांचे जोड, फ्यूज, बल्ब, ब्रेक बूस्टरचे डायफ्राम आणि चाकांचे नट-बोल्ट हे सोबत बाळगावयाचे नेहमीचे भाग होत.

नेहमी आढळणारे बिघाड

हवेचे ब्रेक : अवजड वाहनांचे ब्रेक दाबाखालील हवेवर चालतात. मागील चाकांच्या बूस्टरमध्ये एक जाड स्प्रिंग असते. प्रणालीत पुरेसा दाब असेपर्यंत ही स्प्रिंग दाबलेली राहते. नळी फुटून किंवा काँप्रेसर निकामी होऊन दाब उतरला की ती मोकळी होते आणि चाके जखडतात. हवा गेल्यावर वाहन ब्रेकविना धावू नये, यासाठी ही योजना आहे. अशा वेळी वाहन हलवायचे असल्यास बूस्टरवरील बोल्टने स्प्रिंग मागे खेचून ठेवावी लागते. तसे केल्यावर त्या चाकाचा पार्किंग ब्रेक नाहीसा होतो, म्हणून त्याआधी चाकांखाली ठोकळे लावणे अनिवार्य ठरते.

इंधन : डिझेल संपल्याने, नळी सैल झाल्याने किंवा फिल्टर तुंबल्याने इंधनमार्गात हवा शिरते व इंजिन बंद पडते. जुन्या इंजिनांत हातपंप मारून व जोड सैल करून ही हवा काढता येते. कॉमन रेल प्रणालीच्या इंजिनात उच्च दाबाच्या बाजूचे जोड चालू इंजिनावर सैल करणे धोकादायक असते. तेथील दाब हजार बारहून अधिक असू शकतो आणि अशा दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार त्वचेत घुसू शकते. त्यामुळे गळती बोटाने न चाचपता पुठ्ठा धरून शोधतात.

पाटे व चाके : जादा भार, खड्डे आणि सैल झालेले यू-बोल्ट यांमुळे पाटे तुटतात. मुख्य पाटा तुटल्यास एक्सल जागचा सरकून वाहन एका बाजूला ओढू लागते. हबमधील ग्रीस आटल्यास बेअरिंग तापून जखडते, आणि दुर्लक्ष झाल्यास चाक निखळू शकते.

शीतन व प्रेषण : घाटाच्या चढावर रेडिएटर, फॅन बेल्ट व वॉटर पंपमधील दोष उघड होतात. क्लच प्लेट जळणे, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटणे आणि डिफरन्शियलचे दाते झडणे हे भरलेल्या वाहनांचे नेहमीचे बिघाड आहेत. कसारा, खंडाळा व खंबाटकी यांसारख्या घाटांत चढावर इंजिन व क्लचची, तर उतारावर ब्रेकची कसोटी लागते.

जागेवर दुरुस्ती की टोचन

बिघाड सापडल्यानंतर मेकॅनिकासमोर तीन पर्याय असतात : जागेवर कायमची दुरुस्ती करणे, कार्यशाळेपर्यंत जाण्यापुरती तात्पुरती दुरुस्ती करणे, किंवा वाहन टोचन करण्याचा सल्ला देणे. तात्पुरती दुरुस्ती ही या व्यवसायाची गरज आहे. फुटलेल्या हवेच्या नळीचा खराब तुकडा कापून योग्य जोडाने ती सांधणे किंवा फाटलेला होज पाइप बदलून पाणी भरणे हे प्रकार, काम नीट केल्यास, सुरक्षित मानले जातात.

काही प्रचलित उपाय मात्र घातक आहेत. गळक्या बूस्टरकडे जाणारी नळी बंद करून त्या चाकाचा ब्रेक तोडणे, हे त्यांतील प्रमुख उदाहरण होय. असे केल्याने हवेचा दाब टिकतो आणि वाहन चालू लागते. सपाट रस्त्यावर चालकाला फरकही जाणवत नाही. परंतु उरलेल्या ब्रेकांवर अधिक भार पडून घाटाच्या उतारावर ते लवकर तापतात, त्यांची पकड कमी होते, आणि भरलेले वाहन आवरत नाही. तुटलेल्या पाट्याखाली लाकडी ठोकळा अडकवून साखळीने बांधणे, किंवा चाकाचे काही बोल्ट तुटलेले असताना उरलेल्यांवर वाहन चालवणे हेही याच प्रकारात मोडते.

ब्रेक, सुकाणू आणि चाके यांत दोष असल्यास वाहन स्वतःच्या बळावर पुढे न पाठवणे, हा या कामातील सर्वमान्य दंडक आहे. तो पाळणे प्रत्यक्षात कठीण जाते. टोचनाचा खर्च मालकाला नको असतो, माल पोहोचवण्याची मुदत चालकाच्या डोक्यावर असते, आणि नकार देणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिकाला पुढचे काम न मिळण्याची भीती असते. मोठ्या वाहतूक कंपन्यांत यासाठी लेखी नोंदीची पद्धत वापरतात. कोणता दोष आढळला, कोणती दुरुस्ती केली, ती तात्पुरती आहे का आणि वाहन कोठपर्यंत व कोणत्या वेगाने न्यावे, हे कामपत्रकावर लिहून चालकाची सही घेतली जाते. अशी नोंद चालकाला मालकाच्या दडपणापासून आणि मेकॅनिकाला नंतरच्या आरोपापासून संरक्षण देते.

टोचन करतानाही खबरदारी आवश्यक असते. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेलाचे अभिसरण नीट होत नाही. मागील चाके जमिनीवर ठेवून वाहन ओढल्यास गिअरबॉक्स खराब होऊ शकतो. म्हणून ओढण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्ट सोडवतात किंवा एक्सलचे दांडे बाहेर काढतात.

धोके व सुरक्षितता

महामार्गावर मेकॅनिकाला सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या वाहनांचा असतो. वाहनाच्या मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवणे, धोक्याचे दिवे चालू ठेवणे, परावर्तक जाकीट घालणे आणि शक्यतो रहदारीच्या विरुद्ध बाजूने काम करणे, ही मूलभूत काळजी होय. रस्त्यावर दगड किंवा झाडाच्या फांद्या ठेवण्याची प्रथा रात्री स्वतःच अपघातास कारण ठरते, विशेषतः काम संपल्यावर ते तेथेच राहून गेल्यास.

वाहन केवळ जॅकवर उचलून त्याखाली जाणे, टिपरचा हौदा आधाराचा दांडा न लावता वर ठेवून त्याखाली काम करणे आणि स्प्रिंग मागे न खेचता ब्रेक बूस्टर उघडणे ही प्राणघातक अपघातांची कारणे आहेत. ट्रकच्या टायरमध्ये १०० पीएसआयपेक्षा अधिक दाब असतो. सुट्या लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना रिंग उडून गंभीर इजा होऊ शकते, म्हणून असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात. ज्वालाग्राही पदार्थांच्या टँकरवर किंवा त्याजवळ वेल्डिंग करता येत नाही. रिकाम्या टाकीतील वाफही स्फोटक असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार वाहन धोकादायक स्थितीत सोडण्यास मनाई असून, नादुरुस्त वाहनाने रहदारीस अडथळा केल्यास कलम २०१ नुसार दंडाची तरतूद आहे. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

इलेक्ट्रॉनिक प्रणाली व दुरुस्तीचा हक्क

भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. त्यांबरोबर अवजड वाहनांत संगणकनियंत्रित इंजिन, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि असंख्य संवेदक आले. अनेक वाहनांत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण धुरात फवारले जाते. हे द्रावण संपल्यास किंवा निकृष्ट असल्यास संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. इंजिन धडधाकट असूनही भरलेला ट्रक चढ चढत नाही, आणि दोष पान्याने नव्हे तर निदान यंत्राने शोधावा लागतो.

या बदलाचा सर्वाधिक फटका रस्त्यालगतच्या स्वतंत्र कारागिरांना बसला. निदान यंत्रे महाग असतात. काही दोष-संकेत पुसण्यासाठी किंवा नवा भाग संगणकाला ओळखवून देण्यासाठी उत्पादकाची परवानगी व आज्ञावली लागते. दुसरीकडे, उत्पादकांनी टाटा अलर्टसारख्या मार्ग-साहाय्य सेवा आणि दूरस्थ निरीक्षणाच्या सुविधा सुरू केल्या आहेत. त्यांमुळे काही बिघाडांची सूचना वाहन बंद पडण्यापूर्वीच मिळते. वार्षिक देखभाल करार केलेल्या मोठ्या वाहतूकदारांना त्याचा लाभ होतो. एक-दोन जुने ट्रक असलेला मालक मात्र अजूनही प्रामुख्याने स्वतंत्र मेकॅनिकावर विसंबून असतो.

मोटारगाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला होता. सुटे भाग व निदान साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून न दिल्याबद्दल आयोगाने २०१४ साली १४ उत्पादकांना दंड ठोठावला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या कार्यकक्षेत वाहन क्षेत्राचा समावेश होता.

विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांमुळे आणखी एक कौशल्य आवश्यक झाले आहे. एस.टी.ची ‘शिवाई’ ही विद्युत बस १ जून २०२२ पासून पुणे–अहमदनगर मार्गावर धावू लागली. अशा वाहनांतील शेकडो व्होल्टच्या प्रणालीला हात लावण्यापूर्वी ती रीतसर खंडित करून विद्युतदाब उतरल्याची खात्री करावी लागते. प्रशिक्षण न घेतलेल्या कारागिराने तेथे काम करणे प्राणघातक ठरू शकते.

प्रशिक्षण व मोबदला

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिक हा एक वर्षाचा आणि मोटार वाहन मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या व्यवसायास उपयुक्त आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार कार्यशाळांत प्रत्यक्ष प्रशिक्षण घेता येते. तथापि अनेक कारागीर लहान वयात गॅरेजमध्ये मदतनीस म्हणून लागून काम शिकतात. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची योजना अशा कारागिरांसाठी उपलब्ध आहे.

स्वतंत्र मेकॅनिकाच्या बिलात सामान्यतः येण्या-जाण्याचे शुल्क, मजुरी आणि सुट्या भागांची किंमत यांचा समावेश असतो. रात्रीच्या व घाटातील कामाचा दर अधिक असतो. काही जण ठरावीक वाहतूकदारांशी मासिक रकमेवर करार करतात. असे करार नियोजित देखभालीला उत्तेजन देतात, कारण त्यांत वाहन बंद न पडणे मालकाप्रमाणेच मेकॅनिकाच्याही फायद्याचे ठरते.

इतर देशांत

अमेरिकेत आंतरराज्य वाहतुकीच्या व्यावसायिक वाहनांची वार्षिक तपासणी संघीय नियमांनुसार बंधनकारक असून, तपासनीस आणि ब्रेकचे काम करणारा कारागीर यांची पात्रता नियमांत नमूद केलेली आहे. पात्र फिरता मेकॅनिक ही तपासणी वाहनतळावरच करू शकतो. १९७२ साली स्थापन झालेली एएसई ही संस्था अवजड ट्रकच्या कारागिरांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्र परीक्षा घेते. ब्रिटनमध्ये मालवाहतुकीचा परवाना असलेल्या कंपनीला वाहनांच्या तपासणीच्या व दुरुस्तीच्या नोंदी किमान १५ महिने जपून ठेवाव्या लागतात. दुरुस्ती बाहेरच्या कारागिराने केली असली, तरी वाहन सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाचीच राहते.

हेही पहा

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
मोटार वाहन अधिनियम, १९८८
भारत स्टेज उत्सर्जन मानके
डिझेल इंजिन
औद्योगिक प्रशिक्षण संस्था